गराजच्या उंबऱ्यावरचे तांदूळ

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी ५.४०

एका फुकट पुस्तकाचा खरा खर्च मांडून ठेवतो. लायब्ररीचं पुस्तक, म्हणजे किंमत शून्य. त्यापायी गेलं ते असं: इंद्रायणी तांदळाची नवी पिशवी, जी इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात मिळत नाही, न्यू जर्सीहून मागवावी लागते. गराजमधल्या मोठ्या व्हॅक्यूमचा पाइप, चोंदला. माझा उजवा गुडघा. दुपारची झोप. आणि नातीशी दहा वर्षं जपलेले मैत्रीचे संबंध. फुकट म्हणे!

झालं असं. अनिका शाळेतून थेट माझ्याकडे येते, सहाला तिची आई, माझी मुलगी चारुता, ऑफिसातून परतताना तिला घेऊन जाते. हे रोजचं. आज मी आत गिऱ्हाइकाशी फोनवर. बाहेर येऊन बघतो तर स्वयंपाकघरातून गराजमध्ये उघडतं त्या दाराशी, उंबऱ्यावर, पायरीवर, खाली सिमेंटवर तांदूळच तांदूळ. सांडलेले नव्हेत, पेरलेले. हे काय म्हणून विचारलं तर शांतपणे म्हणते, सो दॅट आजी हॅज टु काउंट देम.

पुस्तकात आहे म्हणे. कॅरिबियन बेटांवरच्या भुताखेतांच्या गोष्टी घेऊन कुणा बाईने मुलांसाठी जाडजूड कादंबरी लिहिलीय. तिथे दारात तांदूळ टाकले की भुताला एकेक दाणा मोजल्याशिवाय हलता येत नाही. पुस्तकातल्या पोरीची आजी वारते, तर ही पोर आजीच्या खुर्चीभोवती तांदूळ टाकते. आजीने जाऊ नये म्हणून. वयोगट आठ ते बारा! मुखपृष्ठावर कसल्याशा बक्षिसाचा सोनेरी बिल्ला!

पुस्तकाचं नाव लिहीत नाही. माझ्या डायरीत फुकटची जाहिरात नको.

व्हॅक्यूम काढला. एका लाइनवर दोन मोटर चालवायच्या नाहीत, हा माझा धंद्यातला नियम. पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. रागातसुद्धा पाळला. निम्मे तांदूळ ओढले आणि पाइप चोंदला. तेवढ्यात मागून अनिका म्हणाली, आजोबा, तुम्ही रोज संध्याकाळी गराजमध्ये जाऊन फ्रीझरशी बोलता, आय कॅन हिअर यू, म्हणून मला वाटलं आजी तिथे असते.

मी म्हणालो, ब्लूटूथवर असतो. ती म्हणाली, पण तुमचा फोन तर किचन काउंटरवर असतो.

व्हॅक्यूम होता तिथे टाकून आत आलो. पुस्तक जप्त. व्हॅनच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, कुलुपात. तिची चाळीस पानं राहिलीत. राहू देत.

शुक्रवार, १४ मार्च

नोंद राहावी म्हणून. मी फ्रीझरशी बोलत नाही. मी फ्रीझर ऐकतो. फरक आहे.

एम.एस. करायला आलो आणि एसी दुरुस्तीत पडलो तेव्हा इथलं अख्खं महाराष्ट्र मंडळ हसलं होतं. आज माझ्या नावाच्या अकरा व्हॅन फिरतात त्या या दोन कानांवर. गिऱ्हाइकाच्या अंगणात उभं राहून सांगतो, बेअरिंग गेलंय की गॅस कमी झालाय. कंप्रेसर बंद पडायच्या आठवडाभर आधी मला कळतं. यंत्राच्या आवाजात माझे कान कधी चुकलेले नाहीत. अधोरेखित करून ठेवतो: कधी नाही.

फ्रीझरमध्ये आता एकच डबा आहे. योगर्टचा जुना, त्यावर मास्किंग टेप, टेपवर माझ्या बायकोचं, प्रतिमाचं अक्षर: 'पुरण. पाडव्याचं. त्याआधी हात लावायचा नाही.' जूनमध्ये करून ठेवलं, जुलैत गेली. मार्चची तयारी जूनमध्ये करणारी बाई. बाकीचे डबे चारुताने नेले, संपवले. एका डब्यासाठी एवढा फ्रीझर कशाला चालवता, असं ती विचारते. फ्रीझर बंद ठेवला की झाकणाचं रबर खराब होतं. टेक्निकल कारण आहे. तिला नाही कळायचं, ती औषधांच्या कंपनीत आहे.

संकल्प: ते पुस्तक लायब्ररीतून हटेपर्यंत गराजमध्ये पाऊल ठेवणार नाही. मला गरज नाही हे अनिकाला दिसू दे. गाडी ड्राइव्हवेवर. फ्रीझर तपासायला स्वयंपाकघरातून भिंतीला कान लावला तरी पुरे. लावला. गोल, स्वच्छ, एकसुरी आवाज. उत्तम चालू आहे.

अनिका आज साडेतीन ते सहा एक अक्षर बोलली नाही. केळं पण खाल्लं नाही.

रविवार, १६ मार्च

चारुताचा फोन. आवाज खाली ठेवून बोलत होती, म्हणजे प्रकरण गंभीर. म्हणाली, बाबा, तुम्हाला माहितीय का तिने ते का केलं? गेल्या आठवड्यात चारुता कुणाला तरी फोनवर सांगत होती की पाडवा झाला की आईचा फ्रीझर देऊन टाकायचा. पोरीने ऐकलं. तिचे कान माझ्यावर गेलेत. तिने हिशोब लावला की पाडव्याला पुरण संपणार, फ्रीझर जाणार, म्हणजे आजी पण संपणार. म्हणून गराजच्या दारात तांदूळ.

मी म्हणालो, हेच तर सांगतोय, पुस्तकाने डोकं बिघडवलं. चारुता म्हणाली, पुस्तकाने नाही, कुणी तिच्याशी आजीबद्दल बोलत नाही म्हणून. मी म्हणालो, बोलायचं काय त्यात? ती म्हणाली, एक्झॅक्टली.

ही कसली उत्तरं! आमच्या वेळी 'एक्झॅक्टली' म्हणून कुणी बापाचा फोन ठेवत नसे.

मी काही रडतराऊत नाही. तेरा दिवसांत सगळं आटोपलं. बँक, इन्शुरन्स, गाडीचं टायटल, फोन, एकेक खातं बंद केलं. चौदाव्या दिवशी कामावर. लोक म्हणाले, पुरुषोत्तम, कमाल आहे तुझी. आहेच.

भिंतीला कान लावला. चालू आहे.

सोमवार, १७ मार्च

स्वतः लायब्ररीत गेलो. असल्या कामांना ईमेल उपयोगाचं नाही, समोर जाऊन हसून बोलावं लागतं. मुलांच्या विभागात मिसेस रामसरूप म्हणून बाई आहेत. साठीच्या, केस पिकलेले, त्रिनिदादच्या. बेटावरचीच बाई निघाली! पण मी डगमगलो नाही. आधी त्यांच्या डोक्यावरच्या एसीच्या व्हेंटचा आवाज ऐकून सांगितलं की फिल्टर बदला. खूश झाल्या. मग तक्रार काढली.

त्यांनी न रागावता फॉर्म दिला. चार पानी. पहिलाच प्रश्न: तुम्ही हे पुस्तक पूर्ण वाचलं आहे का? मी म्हणालो, विष आहे हे सांगायला बाटली संपवायची का? बाई म्हणाल्या, नाही, पण फॉर्म भरायला पुस्तक संपवावं लागतं.

मग म्हणाल्या, त्यांच्या घरी खरंच दारात तांदूळ टाकायचे. माय आजी यूज्ड टु डू इट. चक्क आजी! चार-पाच पिढ्यांपूर्वी बिहारकडून उसाच्या मळ्यांवर नेलेली माणसं, भाषा गेली, हा शब्द राहिला. मला राग आला. आमचा शब्द असा बिनधास्त वापरतात.

मग कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाल्या, पुस्तक प्रतिमाच्या कार्डवर आहे, वीस तारखेला परत करायचंय. पोरीने आजीचं कार्ड वापरलं! आणि ते अजून चालू! बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेसना सांगा, फोनवरूनसुद्धा मुदत वाढवता येते.

मी म्हणालो, सांगतो.

घाईत होतो. रांग होती मागे. दोन मुलं आणि एक डायनोसॉर.

बुधवार, १९ मार्च

वाचायला घेतलं. फक्त फॉर्मसाठी. लाल पेन्सिल घेऊन बसलो, पण पुस्तक लायब्ररीचं म्हणून वेगळ्या कागदावर चुका काढतोय.

पान १२: जंगलात लहान मुलांची भुतं, डोक्यावर गवती टोप्या, पावलं उलटी. यात नवीन काय? उलट्या पावलांची हडळ आमच्या गावच्या विहिरीवर होती, आईने तिच्या जिवावर मला दहा वर्षं वेळेत घरी आणलं. पण आई ती गोष्ट सांगून जेवायला वाढायची. इथे मुलाला खोलीत एकट्याला वाचायला देतात.

पान ३१: पोर आजीची पावडर डबीतून हुंगते. कशाला? अनावश्यक प्रसंग.

पान ४४: पोरीचा बाप पोरीसमोर आजीचं नावच काढत नाही. कामाला जातो, येतो, बोटीचं इंजिन दुरुस्त करत बसतो. लेखिकेने त्याला मूर्ख दाखवलंय. मला तर अख्ख्या पुस्तकात तोच एक समंजस वाटला.

भिंतीला कान. चालू आहे.

शनिवार, २२ मार्च

पाइनचा पराग सुरू झाला. गाडी बाहेर ठेवल्यामुळे बोनेटपासून डिकीपर्यंत पिवळी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझी गाडी शेजाऱ्यांसारखी दिसतेय. शिंकून शिंकून बरगड्या दुखल्या. यालाही ते पुस्तकच जबाबदार.

चारुता भाजीचा डबा द्यायला आली, अनिका गाडीतून उतरली नाही असं मला वाटलं. त्या गेल्यावर बघतो तर माझ्या काचेवरच्या परागात बोटाने लिहिलेलं: गिव्ह इट बॅक. स्पेलिंग बरोबर होतं.

आणि जाता जाता चारुता म्हणाली, सोमवारपासून अनिका शाळेतच आफ्टर-स्कूलला थांबेल. तीच म्हणतेय. तुमची पण जरा सुटका, बाबा.

सुटका! मी कधी म्हटलं अडकलोय?

ठीक आहे. उलट चांगलंच. दुपार मोकळी. धंद्यात लक्ष घालीन. बाराव्या व्हॅनचं बघतो.

सोमवार, २४ मार्च. दुपारी ३.३०

दुपार मोकळी. केळी काळी पडली.

पुस्तक संपवलं. एवढा संताप धंद्यात कुणी पैसे बुडवले तेव्हाही आला नव्हता.

आजी खुर्चीत बसून मोजतेय. पोरीला वाटतं, आली! शाळेतून येऊन तिला सगळं सांगायला लागते. पण आजी मोजतेय. चुकलं की पहिल्यापासून. पोरीकडे बघत नाही. तोंडावरची एकेक रेषा पुसट होत जाते, आवाज जातो, नाव जातं, फक्त आकडे राहतात. दीडशे पानं ती पोर समोर बसलीय आणि म्हातारी एकदा मान वर करत नाही. एकदा! लेखिकेला काही माणुसकी आहे की नाही? एक वाक्य घातलं असतं, आजीने वर पाहिलं, काय बिघडलं असतं बाईचं?

शेवटी पोर स्वतःच तांदूळ झाडून गोळा करते. आजी उठते, पदर का काय ते झटकते आणि जाते. मग पोर तेच तांदूळ धुऊन शिजवते आणि गावाला जेवायला बसवते. जमिनीवरचे तांदूळ! आरोग्याच्या दृष्टीने आक्षेप क्रमांक सात.

फॉर्म भरला. प्रश्न: या पुस्तकाने काय अपाय होऊ शकतो? उत्तर लिहिलं: अमुक केलं की गेलेलं माणूस घरातच राहतं, असा समज होऊ शकतो.

उठून भिंतीला कान लावला. चालू आहे. आज जरा जास्त वेळ ऐकलं. सुंदर कंप्रेसर. प्रतिमानेच निवडला होता, मी दुसरा घेणार होतो.

बुधवार, २६ मार्च

फॉर्म घेऊन लायब्ररीत. इस्त्रीचा शर्ट. भाषण गाडीत दोनदा म्हणून पाहिलं.

मिसेस रामसरूप मला बघून हसल्या. व्हेंटचा आवाज थांबलाय म्हणाल्या. मग म्हणाल्या, पुस्तकाची मुदत टळलीय, मी वाढवून देते. आणि प्रतिमा कशी आहे? दर गुरुवारी नातीला घेऊन यायची, इथे खाली गालिच्यावर बसायची, एसी बिघडला की म्हणायची माझ्या नवऱ्याला बोलावते, तो नुसता ऐकून सांगेल. उन्हाळ्यापासून दिसली नाही. बिझी आहे का?

मी म्हणालो, हो.

काय करतेय सध्या, असं बाईंनी सहज विचारलं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं: शी इज काउंटिंग राइस.

बाई उठल्या. काउंटरच्या बाहेर आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर मला बसवलं. ढोपरं हनुवटीला लागली. भर दुपारी, ड्यूटीवर! अशाने लायब्ररीत काय शिस्त राहणार? तरी दहा मिनिटं तिथेच होतो. पराग फार होता आत. दार सतत उघडत होतं.

मग म्हणाल्या, पुस्तक तुमच्या नावावर करून देऊ का? मी म्हणालो, नको, आहे त्याच कार्डवर राहू दे.

फॉर्म दिला नाही. चार पानं सुटी होती आणि त्यांच्याकडे स्टेपलर दिसला नाही.

शुक्रवार, २८ मार्च

शाळेबाहेर व्हॅन घेऊन उभा राहिलो. चारुताला आधी टेक्स्ट केला, परवानगी रीतसर. अनिका आली, पुढच्या सीटवर बसली, हीटर लावून घेतला. ग्लव्ह बॉक्सची किल्ली तिच्या हातात दिली. माफी वगैरे मागितली नाही. मी म्हणालो, चाळीस पानं आहेत, मी थांबतो.

पार्किंगमध्ये एक तास दहा मिनिटं थांबलो. दोन गिऱ्हाइकांचे फोन घेतले नाहीत. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, शी कुक्स इट. मी म्हणालो, हो, जमिनीवरचा, न चाळता. तर हसली. मग बॅगेतून झिपलॉक काढली. त्या दिवशी मी रागावून आत गेल्यावर उंबऱ्यावरचे राहिलेले तांदूळ तिने भरून ठेवले होते. दोन आठवडे शाळेच्या दप्तरात.

मग विचारलं, आजोबा, तुम्ही तिला काय सांगता तिथे? मी म्हणालो, काही नाही, त्या दिवशी कुठे कुठे काम झालं ते. ती म्हणाली, दॅट्स ऑल? मी म्हणालो, तिला तेवढंच ऐकायचं असायचं.

बेत ठरला. परवा पाडवा. तिचे तांदूळ मी शिजवणार. प्रतिमाचं पुरण काढणार. पोळ्या चारुता लाटेल. चौघांचं, म्हणजे तिघांचं जेवण. वर्ष झालेलं नाही, सण करायचा नसतो, असं कुणीतरी म्हणेलच. डब्यावर लेखी हुकूम आहे, वरिष्ठांचा.

गराज पाडव्याच्या सकाळीच उघडायचं. त्याआधी हात लावायचा नाही असं लिहिलंय म्हणजे नाही. धंद्यात माझं एकही काम फसलेलं नाही, हेही फसणार नाही. झोपायच्या आधी भिंतीला कान लावून खात्री केली. दणदणीत चालू.

रविवार, ३० मार्च. पाडवा. दुपारी २.१५

एसीचे डक्ट साफ करायच्या दांड्याची गुढी उभारली. चारुता म्हणाली, बाबा, काय हे. पण हसली. साडी प्रतिमाची, मोरपंखी. अनिकाने तांदूळ तीनदा धुतले, एक बटण निघालं.

मग तिघं मिळून गराजचं दार उघडलं. उंबऱ्यावर पायाखाली दोन-चार दाणे कुरकुरले. पायरी उतरलो आणि थांबलो. आत काहीच आवाज नव्हता.

झाकण उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं. तळाला पाणी. डबा फुगलेला, झाकण वर आलेलं. वास सांगत नाही.

शिव्या घातल्या. वीज कंपनीला, पुस्तकाला, लेखिकेला. कंपनीचा दोष, ब्रेकरचा दोष, घर बांधणाऱ्याचा दोष. चारुता म्हणाली, बाबा, पुरे. मी पुरे केलं नाही. अनिका मात्र फ्रीझरमध्ये वाकली, डब्यावरची टेप नखाने अलगद सोलली आणि ओली तशीच माझ्या शर्टाच्या खिशावर लावली. चिकटेना, तर हाताने दाबून धरली. मला म्हणाली, टेल हर. मी म्हणालो, काय सांगू? ती म्हणाली, कुठे कुठे काम झालं ते.

सांगितलं. दोघी उभ्या होत्या तरी सांगितलं. दोन आठवड्यांचं साचलं होतं, वेळ लागला.

मग आत येऊन भात जेवलो. तूप, मीठ, लिंबू. अनिकाने दोनदा घेतला. सोमवारपासून ती इकडेच येणार आहे, केळी आणायला सांगितलीत.

त्या गेल्यावर व्हॅक्यूम उचलायला परत गराजमध्ये गेलो. फ्रीझरचा प्लग जमिनीवर पडला होता. भिंतीत व्हॅक्यूमचा प्लग होता. तेरा तारखेला मीच बदलला होता, दोन मोटरच्या नियमाने.

म्हणजे सतरा दिवस भिंतीला कान लावून मी ऐकत होतो, तो स्वयंपाकघरात माझ्याच पाठीमागे असलेल्या फ्रिजचा आवाज होता.